पूर्ण वाक्य

सबनीस बाईंनी पर्समधून शेंगांची पुडी काढली, की आम्ही वह्यांत डोकं खुपसायचो. बाईंनी कुणालातरी प्रश्न विचारलाय, तिला उत्तर सुचत नाहीये आणि बाई आता थांबणार आहेत, असा त्याचा अर्थ. शेंगा भाजलेल्या असायच्या, भोसरीच्या स्टॉपवरच्या गाडीवाल्याकडून घेतलेल्या. बाई एकेक शेंग फोडायच्या, दाणे तळहातावर चोळून सालं फुंकायच्या, टरफलं मांडीवरच्या रुमालावर गोळा करायच्या आणि उभ्या राहिलेल्या बिचारीकडे बघायच्याही नाहीत. शेजारणीने कुजबुजून मदत केली, तर मात्र मान वर यायची. "प्रश्न तिला विचारलाय," एवढंच म्हणायच्या आणि पुढची शेंग उचलायच्या. पुडी संपली आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालं नाही. चुकीचं यायचं, अर्धंमुर्धं यायचं, तीन भाषांची खिचडी होऊन यायचं, पण यायचं. मग बाई समाधानाने हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "आता पूर्ण वाक्य."

आम्ही म्हणजे भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतल्या बायका. गाडीच्या आत ज्या तारा पसरलेल्या असतात, त्यांचे टेप गुंडाळलेले जुडगे आम्ही बनवतो. त्याला हार्नेस म्हणतात. ते चाकणला मोठ्या कारखान्यांत जातात आणि तिथून गाड्यांच्या पोटात. गाडी घेणाऱ्याला ते आयुष्यात दिसत नाहीत, त्यामुळे आम्हीही दिसत नाही. पहिली शिफ्ट दुपारी सुटायची, घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या आणि पाचच्या सुमाराला मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकायला यायचं, असा आमचा क्रम होता.

बाई निगडीच्या प्राधिकरणात, म्हणजे तिथल्या आखीव बंगल्यांच्या वसाहतीत राहायच्या. तिथल्याच एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दारात प्राजक्त, वर मुलगा-सून, खाली बाई, असं छान चाललेलं असताना त्या दोन बस बदलून भोसरीला का यायच्या, याचं कारण त्यांनी प्रत्येकीला वेगळं सांगितलं होतं. मला म्हणाल्या, घरी बसून गुडघे दुखतात. हौसाबाईंना म्हणाल्या, शाळेतल्या पोरांना आईबाप बळेच पाठवतात, तुम्ही आपण होऊन येता, तेव्हा हा खरा वर्ग. आणि शालनला म्हणाल्या, निगडीचा चहा पाणचट असतो. हे तिसरं कारण मला सगळ्यात खरं वाटतं. देवळासमोरच्या टपरीवरचा गोडमिट्ट, आलं ठेचून घातलेला चहा बाई बशीत ओतून प्यायच्या. कॉफी त्यांना अजिबात आवडायची नाही. जळक्या भाकरीचं पाणी, असं तिचं वर्णन करायच्या.

हॉल त्यांनी कसा मिळवला, तेही सांगण्यासारखं आहे. देवळाचे विश्वस्त "बघू, बघू" म्हणत राहिले, कारण संध्याकाळी तिथे कॅरम खेळणारी मंडळी ठाण मांडून बसलेली असायची. बाईंनी वाद घातला नाही. एक दिवस जुन्या साडीत गुंडाळलेला फळा काखोटीला मारून त्या आल्या, भिंतीला टेकवला आणि कॅरमवाल्यांनाच शिकवायला लागल्या. सोंगटी मारली की विचारायच्या, "व्हॉट डिड यू डू?" उत्तर येईपर्यंत पुढचा डाव नाही, आणि शेंगांची पुडी उघडलेली. आठवडाभरात कॅरमचा बोर्ड शेजारच्या सलूनमध्ये हलला. आम्ही म्हणायचो, बाईंनी हॉल बळकावला. त्या म्हणायच्या, छे, मी त्यांना राहा म्हणत होते, तेच पळाले.

एकदा बाई गळ्याला मलमपट्टी करून आल्या. सकाळी प्राधिकरणात फिरायला गेल्या असताना मोटरसायकलवरून दोघे आले आणि मागच्याने त्यांची साखळी ओढली. कुणीही बाई अशा वेळी किंचाळते. सबनीस बाईंनी साखळी धरून ठेवली. ती तुटली, अर्धी त्याच्या हातात गेली आणि अर्धी बाईंच्या मुठीत राहिली. पोलीस चौकीत मुलगा सोबत गेला होता. हवालदाराने विचारलं, काय झालं, आजी? मुलगा सांगायला लागला. तेव्हा बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझी साखळी गेलीये. तोंड जागेवर आहे." हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं. हसताना पट्टी ताणली जात होती, तेवढ्यापुरत्या थांबत होत्या. मग त्या उठल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात एक इंग्रजी शब्द लिहिला. स्नॅच.

हा शब्द आम्हाला येत होता. चेन स्नॅचिंग रोज पेपरात असतं. मी पटकन म्हणाले, स्नॅच म्हणजे चोरणे. बाई म्हणाल्या, चोरणारा दिसत नाही. माझा मला चांगला दिसला, हेल्मेटवर स्टिकर होतं. मग त्यांनी माझा डबा टेबलावर ठेवून मला खिडकीकडे बघायला लावलं आणि डबा उचलला. हे चोरणं. मग डबा माझ्या हातात दिला आणि मी बघत असताना एका झटक्यात ओढून घेतला. हे स्नॅच. बाईंच्या वर्गात क्रियापद करून दाखवल्याशिवाय फळ्यावर टिकत नसे. त्या दिवशी सगळ्या हॉलभर डब्यांची ओढाताण चालू होती आणि देवळातले पुजारी दोनदा डोकावून गेले.

मग बाईंनी मराठी शब्द मागितले. जबरदस्तीने घेण्याला आपल्याकडे काय काय म्हणतात, सांगा. आणि तिथे वर्गाला जो पूर आला, तो काय वर्णावा. हिसकावणे, बळकावणे, ओरबाडणे, लाटणे, लुबाडणे, उपटणे, हिरावणे. इतर बाबतींत मराठी कशी का असेना, घेण्याच्या बाबतीत ती गर्भश्रीमंत आहे. आणि गंमत म्हणजे कुठलाच शब्द रिकामा आला नाही, प्रत्येकाबरोबर कुणाच्यातरी घरची हकिकत आली. एकीची पैठणी नणंदेने लाटली होती. हौसाबाई आमच्यातल्या सगळ्यात वडील, चाकणजवळच्या गावच्या, घरच्या शेतकरी. त्या म्हणाल्या, "आमच्या भावकीनं बांध सरकवून सरकवून वावर हडापलं. हे बसंल का तुमच्या स्नॅचमंदी?"

बाईंनी विचार केला आणि नाही म्हणाल्या. बांध सरकवायला वर्षं लागतात, स्नॅच झटक्यात होतं. पैठणीही नाही, कारण नणंदेने ती गोड बोलून मागितली होती आणि परत केली नाही एवढंच. स्नॅचला दोन गोष्टी लागतात, त्या म्हणाल्या. घेणाऱ्याची घाई आणि ज्याचं जातं त्याच्या हातात ती वस्तू. हौसाबाईंना हे फारसं पटलं नाही. इंग्रजीला आपल्या भावकीचा अनुभव नसावा, असं त्या मला बाहेर पडताना म्हणाल्या. पण बाईंनी शेवटी असंही सांगितलं, की इंग्रज लोक चांगल्या गोष्टीही स्नॅच करतात. धावपळीत मिळवलेली घटकाभर झोपसुद्धा. यावर मात्र हौसाबाई खूश झाल्या, कारण कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकताच त्या घोरत असत. आता त्या झोपेला इंग्रजी नाव मिळालं होतं.

पुढच्या वेळी प्रत्येकीने आपल्या मनाचं एक वाक्य आणायचं ठरलं. माकडाने केळं स्नॅच केलं, घारीने पिल्लू स्नॅच केलं, बसमध्ये सीट स्नॅच केली, अशी वाक्यं झाली. मग शालन उभी राहिली.

शालन लातूरकडची. नवऱ्याबरोबर इकडे आलेली, एका खोलीत संसार, एक मुलगी शाळेत. अंगाने किडकिडीत आणि बोलायला इतकी कमी, की वर्गात ती आहे की नाही हे बाईंना कधीकधी मोजून बघावं लागायचं. लाईनवर मात्र तिच्यासारखं साफ काम कुणाचंच नव्हतं. ती उठली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "सुपरवायझर स्नॅच माय आन्सर."

कुणी हसलं नाही. बाईंनी पुडी काढली, पण या वेळी ती शालनसाठी नव्हती. त्यांना स्वतःलाच विचार करायचा होता. दोन-तीन शेंगा झाल्यावर त्या म्हणाल्या, "इंग्लंडात असं कुणी म्हणत नसेल. पण म्हणायला हवं." त्यांनी वाक्य दुरुस्त करून फळ्यावर लिहिलं आणि तिला विचारलं, म्हणजे नेमकं काय होतं?

काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मात्र तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. वर्षातून काही वेळा कस्टमरचा ऑडिटर, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचा काम तपासणारा माणूस यायचा, बहुतेक वेळा परदेशी. त्याच्या आधी आठवडाभर कंपनीत लगीनघाई. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगायचे, हातमोजे नवे यायचे. खराब माल टाकायची लाल पेटी असते, तिला रेड बिन म्हणतात. तीसुद्धा रिकामी करून, घासूनपुसून देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखी लखलखीत ठेवायची. आणि ऑडिटर गेटवर आला, की ज्या बायकांना इंग्रजी बोलता येत नाही, त्यांना लाईनवरून उठवून कँटीनला धाडायचं. तिथे त्या मावशींबरोबर मटार सोलत बसायच्या. ऑडिटर गेला की परत लाईनवर. ज्या लाईनवर राहत, त्यांना ऑडिटरने काही विचारलंच, तर आमचे सुपरवायझर लोंढेसाहेब पुढे होऊन उत्तर देऊन टाकत. लोंढेसाहेब माणूस वाईट नव्हे. कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीवरून दवाखान्यात नेणारा. पण ऑडिट म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

शालनला लाईन लीडर व्हायचं होतं. लाईन लीडर झालं की ठेकेदाराकडून सुटका, कंपनीचं कार्ड, नोकरी कायम. पण लाईन लीडरला ऑडिटरसमोर उभं राहावं लागतं, आणि ही प्रत्येक ऑडिटला मटारांपुढे. दोनदा तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी पुढे गेल्या. हे सगळं तिने अडखळत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पोरगी विचारते बाई, मोठे साहेब आल्यावर तू काय सांगतीस त्यांना. आता तिला काय सांगू, आई मटार सोलायली म्हणून?"

बाईंना राग आलेला मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. त्या लोंढ्यांवर चिडतील असं आम्हाला वाटलं होतं. चिडल्या आमच्यावर. हिसकावून घ्यायला आधी काही हातात धरलेलं असावं लागतं, त्या म्हणाल्या. तुम्ही तर कुणी हात पुढे करायच्या आत देऊन मोकळ्या होता. त्याला स्नॅच म्हणत नाहीत, त्याला दान म्हणतात. मग जरा वेळाने, हळू आवाजात, शालनकडे न बघता म्हणाल्या, "माझी अर्धी साखळी राहिली ना. धरली म्हणून राहिली."

त्या दिवसापासून बाई लोंढेसाहेब झाल्या. साडीच्या पदराला पेन अडकवायच्या, मान वाकडी करायच्या आणि आमच्यातली कुणी इंग्रजीत काही सांगायला लागली, की मध्येच घुसायच्या. "सर, ॲक्च्युअली, सर." त्यांनी लोंढ्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नक्कल इतकी हुबेहूब, की आम्हाला खाली मान घालून हसावं लागायचं. नियम साधा होता. आवाज चढवायचा नाही, रागवायचं नाही, थांबायचं नाही. समोरचा कितीही मध्ये बोलो, आपलं वाक्य धरून ठेवायचं आणि पूर्णविरामापर्यंत पोचवायचं. चुकीचं वाक्य चालेल, बाई म्हणायच्या, अर्धं चालणार नाही.

याचे परिणाम घरोघरी दिसायला लागले. हौसाबाईंचे यजमान एकदा तक्रार घेऊन थेट हॉलवरच आले. टोपी काढून, नमस्कार करून म्हणाले, बाई, हिला काय शिकिवलं तुमी, घरात मला बोलूच देईना. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, तुम्हाला काय बोलायचं होतं? आणि पर्समधून पुडी काढली. आजोबा बराच वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "काय न्हाई, भाजी अळणी व्हती, येवढंच." बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाल्या, सांगायलाच हवं होतं. ते दोघे नंतर एकाच स्कूटीवरून घरी गेले. जाताना कोण बोलत होतं, ते कळलं नाही.

ऑडिटचा दिवस उजाडला. लोंढेसाहेब सकाळपासून लाईनवरून फेऱ्या मारत होते. गेटवरून निरोप आला तशी त्यांनी नेहमीसारखी बोटं केली, तू, तू आणि तू, कँटीन. बाकीच्या उठल्या. शालन उठली नाही. हातातला हार्नेस खाली न ठेवता ती म्हणाली, "मी लाईनीवरच थांबते, साहेब." मी दोन जागा सोडून पुढे होते. तिने हार्नेसला टेपचा पुढचा वेढा घातला, तो मला दिसला. ठेक्यावरच्या बाईला काढून टाकायला काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर ठेकेदाराने दिलेलं कार्ड चालत नाही, एवढंच. लोंढे काही बोलणार, तेवढ्यात पाहुणे दारातून आत आले आणि बोलायची वेळ निघून गेली.

ऑडिटर उंच, टकला, शांत माणूस होता. इंग्रजी त्याचीही भाषा नव्हती, हे पहिल्याच वाक्यात कळलं. आमच्यासारखाच तो शब्द चाचपडत बोलायचा. मला तेव्हा एवढं बरं वाटलं, की काय सांगू. फिरत फिरत तो नेमका शालनसमोर थांबला आणि विचारलं, "पार्ट बॅड, यू डू व्हॉट?"

"सर, ॲक्च्युअली," लोंढे पुढे झाले.

"आय स्टॉप," शालन म्हणाली.

"सर, शी विल..."

"आय पुट रेड बिन. आय कॉल लाईन लीडर. आय राईट टॅग. देन आय स्टार्ट." आवाज चढला नव्हता. लोंढ्यांचं बोलणं बाजूने वाहत होतं आणि तिचं वाक्य त्यातून सरळ चालत गेलं. संपल्यावर तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "थँक यू."

ऑडिटरने लोंढ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो आमच्या तयारीत कुठेच नव्हता. आज बॅड पार्ट निघाला का? लोंढे ताबडतोब म्हणाले, नो सर, झीरो, टुडे झीरो. रेड बिन सकाळीच घासून ठेवली होती, म्हणून त्यांनी भरवशाने सांगितलं. माझी नजर पेटीकडे गेली. कारण शिफ्ट सुरू झाल्यावर शालनच्या हाताखालून एक पिन नीट न बसलेला हार्नेस गेला होता, आणि रोजच्या सवयीने तिने काय बिघडलंय ते लिहिलेला टॅग लावून तो त्या लखलखीत पेटीत टाकला होता. ऑडिटच्या दिवशी पेटीत माल टाकायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. तो टेबलाखाली सरकवायचा असतो. ती रीत शालनला कुणी सांगितलीच नव्हती, कारण ऑडिटच्या दिवशी ती कधी लाईनवर नसायचीच.

"येस सर," शालन म्हणाली. "देअर."

ऑडिटर पेटीकडे गेला. हार्नेस उचलला, टॅग वाचला, पिन बोटाने हलवून पाहिली. लोंढेसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मग तो माणूस पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, आपण पाहतो त्या प्रत्येक कारखान्यात ही पेटी रिकामी असते. एम्प्टी बिन, आय डोंट बिलीव्ह. त्याने शालनला नाव विचारलं. लोंढ्यांचं तोंड उघडलं होतं, ते या वेळी त्यांनी आपणहून मिटलं. "माय नेम इज शालन," ती म्हणाली. पूर्ण वाक्य.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही सगळ्या एकदम बोलत होतो. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि शालनला सांगायला लावलं, सुरुवातीपासून, इंग्रजीत. तिला बराच वेळ लागला. सगळं ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आय पुट इट इन द रेड बिन. ‘इट’ कुठे गेलं?" आणि फळा पुसायला वळल्या. फळा कोराच होता. त्यांनी तो खूप वेळ पुसला. मला त्या दिवशी शालनचा अभिमान वाटला, बाईंचा वाटला, आणि खोटं कशाला बोलू, त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांचाच वाटला.

लोंढेसाहेब काही दिवस शालनशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले. पुढच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी ते तिच्याजवळ आले आणि विचारलं, कुणाकुणाला कँटीनला पाठवू? ती म्हणाली, कुणालाच नको, साहेब. त्या दिवशी कँटीनच्या मावशींनी मटार एकट्याने सोलले आणि आमच्या नावाने बोटं मोडली. शालन आज लाईन लीडर आहे. तिच्या लाईनवर रेड बिन कुणी घासत नाही.

मागच्या पावसाळ्यात बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वर्ग बंद पडला, म्हणजे मी आणि शालन तो आळीपाळीने चालवतो, पण तो बाईंचा वर्ग नव्हे. त्या दवाखान्यातून घरी आल्याचं कळल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही दोघी निगडीला गेलो. बस टर्मिनसवर उतरून प्राधिकरणात चालत गेलो. दारात प्राजक्ताचा सडा पडलेला होता.

सून चांगली आहे, हे आधीच सांगते. बाईंची वेणी घातलेली होती, अंगावर स्वच्छ गाऊन, उशाशी पाणी. खिडकीजवळच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. आम्हाला पाहून डोळे मात्र लगेच हलले. सूनबाई आमच्याशी बोलत राहिल्या. त्यांना आता बरं आहे, त्यांना झोप लागते, त्यांना तुमची आठवण येते. डॉक्टर म्हणतात हळूहळू बोलतील, पण शब्द यायला इतका वेळ लागतो, की त्यांना त्रास नको म्हणून आम्हीच ओळखून घेतो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डावा हात मांडीवर उलटा पडला होता, रिकामा.

सूनबाईंनी विचारलं, चहा घेणार ना? आणि आत जाता जाता म्हणाल्या, आईंना कॉफी करते, हल्ली त्या कॉफीच घेतात.

शालन माझ्याकडे बघत नव्हती. ती खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली. "बाई, तुम्ही काय घेणार?"

"कॉफीच देते मी त्यांना," सूनबाई दारातून म्हणाल्या.

"वहिनी," शालन हळूच म्हणाली, "बाईंना विचारलंय."

तिने पर्स उघडली आणि पुडी काढली. भोसरीच्या स्टॉपवर ती मागे का राहिली होती, ते मला तेव्हा कळलं. रुमाल मांडीवर पसरला, एक शेंग फोडली, दाणे चोळले, सालं फुंकली. बाईंचे डोळे त्या पुडीवर आले आणि तिथेच थांबले. सूनबाई दारात उभ्या होत्या. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी वाहत होतं. शालनने बाईंकडे एकदाही पाहिलं नाही.

"च," बाई म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "हा."

सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. शालनने मान वर केली नाही. तिने पुढची शेंग उचलली.

"पूर्ण वाक्य, बाई."

बाईंचा अर्धा चेहरा हसला. तेवढाच हसू शकत होता, आणि तो पुरता हसला. मग त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला, शाळेत टेबलाची कड धरत असतील तसा, आणि तोंड जुळवायला सुरुवात केली. "आय" आला. मग खूप वेळ काहीच नाही. टरफलं रुमालावर पडत होती. "वॉन्ट" आला. सूनबाईंचे ओठ पुढचा शब्द म्हणायला हलले, आणि त्यांनी ते स्वतःच मिटून घेतले.

आम्ही तिघी थांबलो. पुडी अजून अर्धी भरलेली होती.